कचऱ्याच्या ढिगातली कोलंबी

मी एक जुना ई-मेल गट आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत. पण माझ्या एका पत्त्यावर पत्र टाकलं, की ते वरोरच्या दोनशे बारा माणसांना एकदम पोचतं, मग ती गावात असोत की परदेशी.

डहाणूत झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या धर्मेशभाईंनी मला सोळा वर्षांपूर्वी जन्माला घातलं. काय कौतुक होतं माझं! जत्रेची तारीख, वाऱ्याचा इशारा, सगळं माझ्यातूनच जायचं. पुढे मोबाइलवरचे गट आले आणि लोक मला विसरले. विसरली नाही ती हंसामावशी, बोंबील सुकवून विकणारी. तिचा स्वप्निल मालवाहू जहाजावर आहे. भर समुद्रात त्याचा फोन चालत नाही. आठवड्याला एकच ई-मेल सोडता येतो. तो माझ्याकडे पाठवला, की आई, बायको, दोस्त, सगळ्यांना पोचतो.

मग माझ्यात कचरा शिरला. ‘तुम्हाला बक्षीस लागलं आहे!’ ‘टकलावर महिन्यात केस!’ (हे दुसरं धर्मेशभाईंनी उघडून पाहिलं. मी कोणाला बोललो नाही.) पण खरा घोळ आपल्याच माणसांनी घातला. एका कचऱ्यावर सत्तर जणांनी ‘हे बंद करा’ असं उत्तर लिहिलं, आणि प्रत्येक उत्तर दोनशे बारा जणांकडे गेलं! मी पार गुदमरलो.

धर्मेशभाईंनी गाळणी बसवली. अनोळखी पत्त्यावरून आलेलं पत्र आपोआप कचरापेटीत. त्याच सुमारास स्वप्निलची पत्रं थांबली. एक आठवडा, दोन, तीन.

"मावशी, या गटात आता राम नाही. रविवारी बंदच करतो," धर्मेशभाई म्हणाले.

"आणि माझ्या पोराने लिहिलं तर? ते काय खाडीत पडणार?"

मावशीने त्यांच्याकडून माझा पासवर्ड घेतला आणि घरी सून किंजलला फोन घेऊन बसवलं. "त्या पेटीतला ढीग काढ."

"आई, सहाशे पत्रं आहेत. सगळा कचरा!"

"मासळी निवडून उरलेला ढीग मी तसाच फेकते का गं? पुन्हा एकदा हात घालते. रोज चार कोलंब्या मिळतात. वाच."

किंजल वाचत गेली. बक्षीस. कर्ज. टक्कल. "हे धर्मेशला कळव," मावशी म्हणाली. चारशेच्या पुढे एक पत्र निघालं. पत्त्यात नुसते आकडे, विषय कोरा. ‘आई, जहाज बदललं, पत्ताही बदलला. बरा आहे. माझ्या वाटणीचे बोंबील कोणाला देऊ नको.’

मावशीने पदर तोंडाशी धरला. "हा कसला कचरा? हा माझा हावरा!"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी राखण मावशीकडे आहे. बंदरावर परक्याला विचारतात तसं ती नव्या पत्त्याला विचारते, "कोणाचा रे तू?" ओळख पटली, की पहिलं पत्र तिच्या हाताखालून जातं, पुढची मोकळी. कचऱ्याला कोणी उत्तर द्यायचं नाही. आणि पेटी रिकामी करण्याआधी ढिगात पुन्हा एकदा हात. दहा महिने झाले, एकही बक्षीस किंवा टक्कल आत आलेलं नाही! सोडून गेलेले परतले. आशागड गावच्या ई-मेल गटाची माणसं तर तिच्याकडे शिकायला आली.

तुम्हीही मला असंच जपा. कचरा जरूर फेका, पण न बघता फेकू नका.

आणि हो, नव्या पत्त्यावरून स्वप्निलला रीतसर आत यायचं होतं. नियम सगळ्यांना सारखा. मावशीने त्यालाही विचारलं, "कोणाचा रे तू?"

उत्तर एका शब्दात आलं, मावशीने ते तसंच पुढे सोडलं, आणि दोनशे बारा माणसांनी ते वाचलं.

"हंसाचा."