गप्प बशीतली पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. जुनी असले तरी म्हातारी नाही. हे कसं, ते मलाही पुरतं उलगडलेलं नाही.

माझा जन्म एका उंदराच्या कातडीत झाला. त्याला एक आजार होता. जरा घासलं की अंगावर फोड यायचे. असा आजार लहान मुलांनाही होतो. आईने उचलून घेतलं तरी त्यांना दुखतं. औषध शोधायला दर वेळी नवा उंदीर कशाला? एकदाच नखाएवढी कातडी घ्यावी आणि तिच्या पेशी कायम वाढवत राहाव्यात, असं प्रयोगशाळेतल्या बाईंच्या मनात होतं.

त्यांनी आम्हांला एका बशीत गुलाबी द्रव घालून उबदार पेटीत ठेवलं. आम्ही भराभर वाढलो. मग थकलो. एकेक जण पसरट झाली, वाढ थांबली, पुष्कळ जणी मेल्या.

"बाई, ही बशी गेली. टाकून द्या, जागा अडते," शेजारच्या टेबलावरचे सर म्हणाले.

"गेली की दमली, ते ठरू द्या."

"रिकामा पाळणा हलवताय तुम्ही!"

"हलवते. तुमची झोप मोडत नाही ना?"

बाई द्रव बदलत राहिल्या. एकदा त्यांचे यजमान त्यांना न्यायला आले. त्यांनीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मला तर काहीच दिसत नाही गं."

"मलाही नाही. म्हणून तर बघतेय."

आणि एका सकाळी बशीच्या कडेला आमचा छोटासा पुंजका दिसला. आमच्या आत काहीतरी बदललं होतं. थकणंच आम्ही विसरलो होतो. तेव्हापासून मी दुभंगते आणि माझ्या दोन होतात. त्यांतली मूळची मी कोणती? सांगता येत नाही. आमच्यावर औषधांचे थेंब टाकून बघतात. हवं ते औषध अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे.

बाई मात्र आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांच्या आत तसं काही बदललं नाही.

त्यांचा चष्मा न्यायला यजमान आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि आमची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"ह्या त्याच का?"

"त्याच. म्हणजे त्यांच्या लेकींच्या लेकी. मी टाका म्हणत होतो."

यजमान बराच वेळ डोळा लावून बसले. मग हळूच म्हणाले, "आता दिसतंय गं."

मित्रांनो, गप्प पडलेलं काही टाकून देण्याआधी एकदा वाकून बघत जा. आणि सर, उद्या आमचा द्रव बदलायचा आहे. तेवढं विसरू नका.