मम्माच्या ओव्हनमधलं टॅपेट कव्हर

आमच्या रस्त्यावर गाडी बाहेरून कितीही चमकवा, कोणी हिंग लावून विचारणार नाही. बॉनेट उघडा, आत काय आहे ते दाखवा, मग बोला. ॲथलोनच्या या भागात हा कायदा कोणी केला देव जाणे, पण तो सगळ्यात कडक पाळला मायमूनाच्या डॅडांनी. लबरांगच्या, म्हणजे ईदच्या सकाळी नमाज झाली की लाल फेझ टोपी घालून ते आपली मोहरीच्या रंगाची जुनी डॅटसन बाहेर काढायचे, बायकापोरांना आत कोंबायचे आणि नातेवाइकांच्या घरोघर फिरायचे. प्रत्येक दारात सलाम नंतर, बॉनेट आधी. पुरुषमंडळी इंजिनाभोवती गोळा व्हायची आणि मम्मा गाडीत बसून कपाळावर हात मारायची. "बंद करा हो ते झाकण! लोक जेवायचे थांबलेत आणि ह्यांचं आपलं लोखंड दाखवणं चाललंय."

डॅडा गेले आणि डॅटसन अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. बाहेरून तिला काही झालं नव्हतं. आत मात्र बॅटरीचं पाणी सांडून ट्रे कुजला होता, इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर तेलाने काळंकुट्ट झालं होतं आणि एअर क्लीनरच्या डब्याला गंज चढला होता. इंजिन बिचारं किल्ली फिरवली की चालू व्हायचं, पण चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीचं राहिलं नव्हतं.

रमजान सुरू झाला आणि मायमूनाचा थोरला भाऊ इगसान घरी आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मम्मा, गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. लबरांग झाली की घेऊन जाईल. तो सुटे भाग करून विकतो."

"सुटे भाग?" मायमूना ताडकन उठली. थोरल्या भावाला आमच्याकडे बूता म्हणतात. "बूता, डॅडांची गाडी कापायला देणार तू?"

"मग काय त्या गंजाचा दर्गा बांधायचा?"

"मला दे. मी नीट करते."

इगसान असा हसला की शेजारच्या भिंतीला ऐकू जावं. "तू? मूना, तू जन्मभर टॉर्च धरलीस गं. पाना कधी धरलास का?"

हे मात्र तिला फार लागलं, कारण खरं होतं. लहानपणी दर शनिवारी डॅडा बॉनेटखाली वाकले की इगसानच्या हातात पाना यायचा आणि मायमूनाच्या हातात टॉर्च. इगसान दहा मिनिटांत कंटाळून फुटबॉलला पळायचा. मायमूना हात भरून येईपर्यंत उभी असायची. कुठला नट कुठे बसतो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, पण लावायला कधी कोणी सांगितलं नाही. आता ती पंचेचाळिशीची होती, नवऱ्याला सोडून आईकडे परतलेली, मम्माला दवाखान्यात न्यायचं तरी टॅक्सीच्या रांगेत उभी राहणारी. आणि डॅडांचं म्हणून तिच्याजवळ काय होतं? काही नाही.

मम्माने एप्रनच्या खिशातली गाडीची किल्ली चाचपली. "ऐका. लबरांगच्या सकाळी मशिदीसमोर बॉनेट उघडायचं. लोकांत माझी मान खाली गेली, तर गाडी इगसानच्या गिऱ्हाइकाची. नाही गेली, तर किल्ली मूनाची. आता दोघंही तोंड मिटा, माझा रोजा आहे."

मायमूनाने पदरमोड करून प्रायमर, काळा आणि लाल रंग असे स्प्रेचे डबे आणले. लाल का, हे तिने कोणाला सांगितलं नाही. भाग सोडवायला तिला काहीच अडलं नाही, हातांना सगळं आपोआप आठवत गेलं. पण रंगकाम? त्यात ती साफ अडाणी. टॅपेट कव्हर फडक्याने पुसलं, अंगणात विटेवर ठेवलं आणि नाकाशी धरावा इतक्या जवळून डबा फुसफुसवला. रंगाचे ओघळ सुटले. तेलाचे डाग राहिले होते तिथे रंगाने बसायलाच नकार दिला, डोळ्यांसारखी गोल भोकं पडली. एवढ्यात आग्नेयेचा वारा सुटला. आमचा वारा म्हणजे काय विचारता, अर्धा समुद्रकिनारा उचलून आणतो. त्याने ओल्या रंगावर अशी वाळू मारली की ते कव्हर आमच्याकडे दर रविवारी तळतात त्या खोबरं लावलेल्या गोड वड्यासारखं दिसायला लागलं.

कुंपणापलीकडून गवा आंटीने मान वर काढली. "काय गं मूना, तळायचंय का ते?"

मायमूनाला रडूच आलं. मग तिला स्वतःचाच राग आला आणि तिने तारेचा ब्रश उचलला. सगळा रंग खरवडला. भांड्यांच्या साबणाने कव्हर घासलं, पुन्हा घासलं, पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसलं, आणि पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत थांबली नाही. मागच्या अंगणातली लाकडी खोली रिकामी केली, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, दाराला ओली चादर टांगली, नाकाला मास्क लावला. या वेळी डबा हातभर लांब धरला. पातळ हात, मग थांबायचं. पुन्हा पातळ हात, पुन्हा थांबायचं. रंग असा सरळ, गुळगुळीत बसला की ती एकटीच "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणून ओरडली.

इथे थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण डब्यावर लिहिलं होतं की सुकल्यावर रंग भाजून घ्यावा, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेने सुटत नाही. भाजायचं म्हणजे ओव्हन, आणि घरात ओव्हन एकच. मम्मा दुपारी आडवी झाली होती. मायमूनाने टॅपेट कव्हर ओव्हनमध्ये सरकवलं आणि देवाचं नाव घेऊन बटण फिरवलं.

स्वयंपाकघरात काय वास सुटला म्हणता! तिने खिडक्या उघडल्या, टॉवेल फिरवला. मम्मा कूस बदलतेय असं वाटल्यावर घाबरून कव्हर अर्धवट भाजलेलं बाहेर ओढलं, ते दाराला घासलं आणि लांबलचक ओरखडा पडला. ओव्हन तिने लिंबाने पुसला, हुंगला. वास गेला असं तिला वाटलं. मास्क लावूनही दिवसभर रंग हुंगलेल्या नाकाला काय कळणार होतं, सांगा!

संध्याकाळी मम्माने त्याच ओव्हनमध्ये चिकन पॅटिस भाजले. मसाल्याच्या घमघमाटात तिलाही दुसरं काही जाणवलं नाही. आमच्याकडे रमजानमध्ये रोजा सोडायच्या जरा आधी ताटल्या घरोघर फिरतात, याचं त्याला, त्याचं याला. मम्माचे पॅटिस म्हणजे तर सगळा रस्ता वाट बघायचा. पण रोजा होता, त्यामुळे चव कोणी बघितली नव्हती. ताटल्या गेल्या. बांग झाली. सगळ्यांनी खजूर खाल्ला, घोटभर पाणी घेतलं आणि अख्ख्या रस्त्याने एकाच वेळी पॅटिसचा घास घेतला.

मम्मा चावता चावता थांबली. तिने घास हातात काढला आणि मायमूनाकडे बघितलं. बाहेर गवा आंटीच्या घरातून दाउत अंकलचा आवाज घुमला, "अरे, आज सारण कशाचं आहे? टायरचं?" मग एकेक दार उघडायला लागलं, खोकायचा आवाज, थुंकायचा आवाज, आणि कोणाचं तरी हसू.

इफ्तारला आलेल्या इगसानने तोंड पुसलं. तो रागावला नव्हता, मजेत होता. "मम्मा, लबरांगची वाट कशाला बघायची? मान तर आजच गेली."

मम्माचा चेहरा लाल झाला होता. "बरोबर आहे," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत माझी ताटली कोणी नाकारली नव्हती. मूना, उद्या तो पसारा उचल. गाडी जाऊ दे."

मायमूनाला तोंडातला घास गिळता येईना आणि थुंकताही येईना. एकदाच पाना हातात आला होता, आणि तिने स्वतःच्या हाताने त्याची माती केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीतले डबे खोक्यात भरत होती तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. गवा आंटीचे दोन जावई घामाघूम होऊन एक जुनाट ओव्हन उचलून आणत होते. ओव्हनवर मम्माची कालची ताटली होती. मागे कमरेवर हात ठेवून गवा आंटी, आणि तिच्यामागे गंमत बघायला अर्धा रस्ता.

"ताटली परत करायला आलेय," गवा आंटी म्हणाली. "आमच्यात रिकामी ताटली परत देत नाहीत, तुला ठाऊक आहे. म्हणून खाली हा ओव्हन. एका बाजूनेच तापतो, पण लोखंडाला चालेल. हा त्या खोलीत ठेवा आणि माझ्या पॅटिसचा ओव्हन सोडा म्हणावं मूनाला! अजून निम्मा रमजान जायचाय, उपाशी मारता काय आम्हाला?"

"गवा, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही गं," मम्मा म्हणाली.

"जागा कसली राहिली नाही? काल रात्री मशिदीत आमचा दाउत नमाजेच्या आधी इतका हसला की इमामांनी कारण विचारलं. मग तेही हसले. आता सगळ्यांना बघायचंय, एवढं काय भाजत होती पोरगी ते. लबरांगला बॉनेट उघडलं नाही तर बघ!"

मम्मा लाकडी खोलीत शिरली आणि खोक्यातून टॅपेट कव्हर बाहेर काढून उजेडात धरलं. ओरखडा सोडला तर ते लाल होतं, खोल, मऊ लाल. तिने त्यावर हळूच अंगठा फिरवला. "हा तर ह्यांच्या टोपीचा रंग," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मायमूनाच्या तर केव्हाच आलं होतं.

पण मम्मा ती मम्माच. डोळे पुसले आणि लागली ओरडायला. "असं भाजतात का, मूर्खे? ओव्हन आधी तापवलास? नाही! मध्ये दार उघडलंस? उघडलं! केकसुद्धा बसला असता, हे तर लोखंड. आणि हा एका बाजूनेच तापतो म्हणतेय, म्हणजे निम्म्यात फिरवायला नको?"

"मग लबरांगचं काय, मम्मा?"

"ते ठरलंय तसंच. फिरव तो पॉलिश पेपर."

मायमूनाने कव्हर पुन्हा घासलं, पुन्हा प्रायमर, पुन्हा लाल. मम्मा स्टूल घेऊन ओव्हनसमोर बसली, नाकाला ओढणी बांधून, आणि दाराला कोणाला हात लावू देईना. बॅटरीचा ट्रे काळा झाला, एअर क्लीनरचा डबा काळा झाला. मायमूनाने इंजिनावर जुन्या चादरी गुंडाळल्या, कागद चिकटवले आणि बॉनेटखालच्या पत्र्यालाही रंग दिला. एकेक भाग जागेवर बसवताना तिला टॉर्च लागली नाही.

लबरांगच्या सकाळी मम्माने किल्ली काढून दिली, पण म्हणाली, "आजच्या सकाळपुरती." दोघी डॅटसनमधून मशिदीकडे निघाल्या. नमाज सुटली आणि लाल टोप्यांची गर्दी रस्त्यावर आली, बायका नव्या कपड्यांत, सगळीकडे सलाम आणि मिठ्या. इगसान आपल्या गिऱ्हाइकाला घेऊनच आला होता.

मायमूना बॉनेटला हात घालणार एवढ्यात तो म्हणाला, "थांब. इंजिन चालू ठेव. रंगवलेलं कोणाचंही दिसतं छान. तापू दे चांगलं, मग उघड." आणि स्वतः आत बसून त्याने ॲक्सिलरेटर दाबला. डॅटसन गुरगुरायला लागली. लोक जवळ सरकले. ओव्हनमधली गोष्ट वेगळी आणि धडधडत्या इंजिनावरची वेगळी, हे मायमूनालाही कळत होतं. बराच वेळ इगसानने पाय उचललाच नाही.

"आता उघड."

बॉनेट वर गेलं, आणि आतून धुराची बारीक रेघ निघाली.

"बघा!" इगसान ओरडला. "जळला! सांगितलं होतं मी!"

गर्दीतून "अर्रर्र" निघालं. मम्माने डोळे मिटले. मायमूना वाकली, आणि तिने नाक पुढे केलं. हा वास रंगाचा नव्हता. रंगाचा वास आता तिच्याइतका कोणाला कळत होता? तिने इंजिनाच्या बाजूला हात घातला आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ अडकलेला जळका कागद चिमटीत धरून बाहेर ओढला. रंग देताना चिकटवलेला, काढायचा राहिलेला वर्तमानपत्राचा तुकडा!

"रंग नाही, बूता. कालचा पेपर जळतोय."

हशा झाला. धूर विरला, आणि मग लोकांना दिसलं. काळ्याभोर पत्र्यामध्ये लालभडक टॅपेट कव्हर, सकाळच्या उन्हात चमकणारं, एक ओघळ नाही, एक कण नाही. हसू थांबलं. दाउत अंकलने आपली फेझ काढून त्याच्याशेजारी धरली आणि म्हणाला, "अरे, हा तर आपला गडी परत आला!"

इगसानचा विश्वास बसेना. त्याने नखाने रंग उकरून बघायला बोट टेकवलं. तापलेलं लोखंड ते. "आई गं!" करून तो बोट तोंडात घालून नाचायला लागला. रंगावर बोटाचा ठसासुद्धा उमटला नव्हता.

"बूता, पाना नाही तर नाही, निदान टॉर्च तरी धरायचीस," मायमूना म्हणाली, आणि रस्ता हसून हसून लोळायचा बाकी राहिला. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. इगसान बोट फुंकत इंजिनाकडे बघत राहिला, आणि शेवटी हळू आवाजात म्हणाला, "चांगलं केलंस, मूना." खोटं कशाला सांगू, हे त्याने मनापासून म्हटलं.

मम्माने किल्ली परत मागितली नाही. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, इगसानला मागे बसवलं आणि म्हणाली, "चला, आधी गवाकडे. तिच्याच ओव्हनमध्ये भाजलंय ना."

मायमूनाने गवा आंटीच्या फाटकाशी गाडी थांबवली आणि सलाम करायला उतरली. आंटी हात पसरून पुढे येत होती. मागून मम्माचा आवाज आला, रस्ताभर ऐकू जाईल असा.

"मूना, सलाम काय पळून चाललाय का? आधी बॉनेट उघड!"