शेगडीची बटणं

गॅसच्या शेगडीची बटणं उपटून ऑफिसच्या बॅगेत घालून नेणारा मुलगा उभ्या बेंगळुरात शोधून सापडायचा नाही, आणि नेमका तोच वसुमतीबाईंच्या पोटी यावा! लोकांची मुलं ऑफिसला जाताना डबा नेतात, छत्री नेतात. यांचे नरसिंहराव शेगडीची सगळी बटणं रुमालात गुंडाळून बेळ्ळंदूरहून थेट व्हाइटफील्डला नेत. तिथे म्हणे मोठमोठी माणसं कॉम्प्युटरसमोर बसतात. त्या माणसांच्या बॅगांतून आणखी कोणाकोणाच्या आयांची काय काय बटणं निघतील, देव जाणे.

आता, गेल्या आठवड्यात दूध करपलं होतं, हे खरं. ते वसुमतीबाई कधी नाकारत नसत. पण करपलं कोणामुळे? शेजारच्या सत्यवतीच्या सुनेमुळे. ती सून नवऱ्याशी भांडून माहेरी गेली आणि माहेरच्यांशी भांडून परत आली, हे सत्यवती बाल्कनीतून सांगत होती. अशी गोष्ट अर्ध्यावर टाकून दूध बघायला पळायचं, हे काय माणुसकीला धरून झालं? गोष्ट संपेपर्यंत पातेलं काळंठिक्कर पडलं, धुराने छतावरची घंटा ठणाणली आणि खालचा वॉचमन वाळूची बादली घेऊन अकरा मजले चढून आला. बिचाऱ्याला वसुमतीबाईंनी ताक दिलं. पण नरसिंहाने त्या दिवसापासून धसका घेतला.

"अम्मा, मी आणि संध्या घरात नसताना शेगडी बंद," तो म्हणाला. "काय हवं ते मायक्रोवेव्हमध्ये गरम कर. त्यात जर काही जळलं, फुटलं, तर मात्र जमनाबाईंना दिवसभरासाठी ठेवायचं. ठरलं."

जमनाबाईंचं नाव निघताच वसुमतीबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी ही बाई मोठी कामसू, स्वच्छ, बोट ठेवायला जागा नाही. पण म्हातारं माणूस दिसलं की तिच्या जिभेला पाळणा फुटायचा. सी ब्लॉकमधल्या हयवदनरावांनी जन्मभर हायकोर्टात वकिली केली, न्यायाधीशांना घाम फोडला. त्यांना ही बाई भरल्या लिफ्टमध्ये विचारत होती, "आमच्या बाळाने आज भाजी संपवली का?" आणि हयवदनराव मान डोलवत होते! ते पाहून वसुमतीबाईंना रात्री जेवण गेलं नव्हतं. ज्या बाईने मुंजीच्या, लग्नाच्या पंगतीच्या पंगती उठवल्या, नणंदा-भावजयांना एका नजरेत गप्प केलं, तिला कोणी "बाळा" म्हणावं? त्यापेक्षा ती मायक्रोवेव्हची पेटी शिकलेली बरी.

शिकवायला सून बसली. संध्या पुण्याची. बोलताना निम्मं इंग्रजी, पण मनाने सरळ. सासूची शाळा तिसरीत सुटलेली, त्यातून इंग्रजी अक्षरांशी उभा दावा. म्हणून संध्याने पेटीच्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली म्हणजे चालू, हिरवी म्हणजे बंद, आणि पिवळी एकदा दाबली की अर्धं मिनिट.

"यंत्राला कुंकू लावलंस," वसुमतीबाई म्हणाल्या, "आणि स्वतःचं कपाळ कोरं!"

"आई, कपाळ राहू दे. ऐका. आत काच किंवा चिनीमातीचं भांडं. स्टील नाही, तांबं-पितळ नाही, कुठलंही मेटल नाही. झाकण ठेवायचं, पण सैल, वाफेला वाट हवी. रिकामी पेटी लावायची नाही. कडेला आधी तापतं, मध्ये गार राहतं, म्हणून थोडं तापवायचं, ढवळायचं, परत तापवायचं. आणि घंटा झाली की लगेच हात घालायचा नाही."

नरसिंह मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मुख्य म्हणजे झाकण, अम्मा. घट्ट झाकण म्हणजे बॉम्ब. नीट लक्षात ठेव."

"तुला मऊ भात कालवून भरवला मी," वसुमतीबाई म्हणाल्या. "वाफ मला कळते."

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत गेलं. तिसरा दिवस गुरुवार. गुरुवारी देवाला हयग्रीव करायचा, हा या घरचा कुळाचार. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, त्यात गूळ, तूप, खोबरं. संध्याने लग्नानंतर पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा "हे पुरणच ना? मग पोळी कुठाय?" असं विचारलं होतं. वसुमतीबाईंनी तो अपमान गिळला होता, पण पचला नव्हता. तरी सून गुणाची. सकाळी शेगडीला बटणं होती तेवढ्यात डाळ कुकरला लावून, गूळ किसून ऑफिसला गेली.

दुपारी वसुमतीबाई मडी नेसून, म्हणजे सोवळ्यात, पेटीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना नवाच प्रश्न पडला. या पेटीत नरसिंह रविवारी बेकरीतला पफ गरम करतो. भाजीचा आहे म्हणतो. भाजीच्या पफला अंड्याचा वास कसा येतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मुलाची लाज आईने झाकायची असते. पण देवाचं काय? ज्या पेटीत तो पफ फिरतो, त्याच पेटीत हयग्रीव फिरायचा?

आधी त्यांनी पेटी शुद्ध करायला घेतली. काचेच्या वाडग्यात पाणी घातलं, लिंबू पिळून सालीही टाकल्या, पिवळी टिकली चार-सहा वेळा दाबली. वाफेने आतला सगळा चिकटा सुटला. पेटी बंद केली, स्वल्प थांबल्या आणि ओल्या फडक्याने लख्ख पुसून काढली. पफ गेला, वासही गेला. पण विटाळ असा फडक्याने जातो होय? आणि मग त्यांना त्यांच्या सासूबाईंचं वाक्य आठवलं: चांदीला विटाळ नसतो.

झालं! देव्हाऱ्याच्या खणातून चांदीची वाटी निघाली. ही वाटी सासूबाईंनी त्यांना पहिल्या मंगळागौरीला दिलेली. त्यात डाळ घातली, गूळ घातला, तुपाची धार सोडली. संध्याने काय काय सांगितलं होतं? स्टील नाही, तांबं नाही, पितळ नाही. चांदीचं नाव तिने घेतलं नव्हतं. मेटल म्हणाली होती, पण मेटल म्हणजे ते डब्या-बादल्यांचं काहीतरी असणार. चांदी म्हणजे चांदी. वसुमतीबाईंनी "श्री हयग्रीवाय नमः" म्हणून लाल टिकली दाबली.

आत दिवाळी सुरू झाली. चटचट, तडतड, निळ्या ठिणग्या. वाटीच्या काठावर कोणी फुलबाजी लावावी तसं. क्षणभर वसुमतीबाईंना वाटलं, साक्षात्कार झाला. पुढच्याच क्षणी जळका वास आला आणि साक्षात्काराला असा वास येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी झटकन हिरवी टिकली दाबली. सगळं शांत. दार उघडायची घाई त्यांनी केली नाही. भिंतीवरचं बटणसुद्धा बंद केलं, वास विरू दिला, मग वाटी बाहेर काढली. काठाला अंगठ्याएवढा काळा डाग. शेजारी थोडा खड्डा.

त्यांच्या डोळ्यांपुढे वाटी नव्हती, जमनाबाई होती. "आमच्या बाळाने आज काय उद्योग केला?"

"सत्यवती!" त्यांनी बाल्कनीतून हाक मारली. "जशी आहेस तशी ये!"

सत्यवती धावत आली. तीही जुन्या बेंगळुरी मराठी घरातलीच. वाटी पाहून तिने तोंडावर हात नेला. "अय्यो, वसुअक्का! हे काय ग केलंस?"

"मी नाही केलं. संध्याने चांदी म्हणून सांगितलं नव्हतं."

"चांदी पण मेटलच की अक्का! मेटल म्हणजे सगळे धातू."

"मग तसं मराठीत सांगावं. आता तोंड चालवू नकोस, हात चालव. विभूती आण."

दोघी विभूतीने वाटी घासायला बसल्या. फोन वाजत राहिला, पण दोघींचे हात कोपरापर्यंत पांढरे. घासता घासता सत्यवतीने सुनेच्या गोष्टीचा पुढचा भाग सांगायला घेतला, तशी वसुमतीबाईंनी हात वर केला. "आज नको. याच पायी माझी बटणं गेली."

डाग फिका झाला, गेला नाही.

पण नैवेद्य राहिला होता, आणि हरणं त्यांच्या पत्रिकेत नव्हतं. डाळ-गूळ टाकून त्यांनी नवीन घेतला. संध्याच्या कपाटातून काचेचा सुरेख वाडगा काढला. काठाला सोनेरी रेघ होती. रेघेवरून बोट फिरवून त्या थबकल्या.

"सोनं पण धातूच ना ग?"

"धातूच, अक्का."

वाडगा परत कपाटात गेला. साधा, भोळा, बिनरेघेचा काचेचा वाडगा आला. अर्धाच भरला, कारण गूळ उसळतो. वर बशी तिरकी ठेवली. थोडं तापवलं, ढवळलं. कडेला रटरट, मध्ये गारढोण, सून खरं बोलली होती. परत तापवलं, परत ढवळलं. शेवटी तूप घालून झाकून ठेवलं आणि घंटेनंतरही दोघी हात बांधून बसून राहिल्या. झाकण काढलं तेव्हा सत्यवतीने डोळे मिटून वास घेतला. "सरी, अक्का, बरोब्बर. शेगडीवर याहून काय वेगळं होतंय?"

देवापुढे हयग्रीव चांदीच्याच वाटीत गेला, डाग भिंतीकडे करून. देवाला तेवढं चालतं.

इकडे तीन वेळा फोन करून आई उचलत नाही म्हटल्यावर नरसिंहाने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. संध्याकाळी दार उघडलं तर तो घामाघूम, आणि त्याच्या मागे नमस्कार करत उभी जमनाबाई.

"अम्मा! फोन का नाही घेतलास? मला वाटलं, काय जाळून घेतलंस की काय! या, जमनाबाई, आत या. आता मी काही ऐकणार नाही."

जमनाबाईंनी वसुमतीबाईंचा हात हातात घेतला. "आज्जी, घाबरलात का? जेवलं का आमचं बाळ?"

"बाळ तुझ्या शेजारी उभं आहे," वसुमतीबाई हात सोडवून घेत म्हणाल्या. "त्याला विचार."

बाळ खरंच उपाशी होतं. दिवसभर मीटिंगा, डबा तसाच परत आला होता. नरसिंहाने बॅगेतून रुमालाचं गाठोडं काढून ओट्यावर आपटलं, आतली बटणं खुळखुळली. मग डबा काढला. प्लॅस्टिकचा, चारही बाजूंनी कड्या लागणारा, काठोकाठ बिसीबेळे भात. तो तसाच पेटीत सरकवला.

"नरसू, कड्या काढ," वसुमतीबाई म्हणाल्या. "झाकण सैल कर."

"अम्मा, आता तू मला मायक्रोवेव्ह शिकवणार? मीच तुला शिकवलंय ना?" त्याने पिवळी टिकली दाबली, दाबतच राहिला, मग लाल दाबून जमनाबाईंकडे वळला. "तर बघा, आईंचं कसं आहे, त्यांना लक्षात राहत नाही..."

वसुमतीबाई पदर सावरून दोन पावलं मागे झाल्या. जमनाबाईंनाही दंडाला धरून मागे ओढलं.

धडाम! पेटीचं दार आपणहून उघडलं. डब्याचं झाकण फ्रिजवर जाऊन आदळलं. भात छताला, खिडकीला, पंख्याला. एक शेवग्याची शेंग नरसिंहाच्या खांद्यावर जानव्यासारखी लटकली.

छतावरची घंटा मात्र वाजली नाही. तिला फक्त धूर कळतो.

जमनाबाईंनी हळूच विचारलं, "साहेब, मी सांभाळायचं कोणाला? आज्जींना की तुम्हाला?"

वसुमतीबाई देव्हाऱ्याकडे गेल्या आणि चांदीची वाटी घेऊन आल्या. डाग मुलाच्या डोळ्यांसमोर धरला. नरसिंहाच्या चष्म्याच्या एका काचेवर भात होता, त्याने दुसऱ्या काचेतून पाहिलं.

"हे काय, अम्मा?"

"ही मी आज दुपारी काळी केली. लपवली असती तर तुला सात जन्मांत कळलं नसतं, सत्यवतीशिवाय साक्षीदार नाही. ठिणगी दिसली, हात आवरला, दुसऱ्यांदा तीच चूक केली नाही. आत जाऊन हयग्रीव खाऊन बघ. आणि तुला मी तोंडाने सांगितलं, कड्या काढ, तरी तुझा हात थांबला नाही, कारण आईला काय कळतं! ऐक, नरसिंहा. कुठलीही गोष्ट चारही बाजूंनी कड्या लावून कोंडली की ती फुटते. भातही फुटतो, आईही फुटते. जमनाबाई, तू हयग्रीव खाल्ल्याशिवाय जायचं नाहीस, पण मला बाळ म्हणायचं नाही. आणि नरसू, ती बटणं होती तिथे बसव, खांद्यावरची शेंग काढ, शिडी घे आणि आधी पंखा पूस. पुसून झालं की मग तुझ्या भाजीच्या पफबद्दल बोलू!"