पहिलं तुम्हालाच विचारीन

मित्रांनो, मी चित्रकथेचं एक जुनं पान आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, छापलेलं नाही. छापलेली पानं ही माझी लेकरं. ती लाखांनी झाली, पोरांनी वाचली, चुरगाळली, शेवटी रद्दीत गेली. मी मूळ. जाड पांढऱ्या कागदावर हाताने काढलेला, शाईने गिरवलेला, छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मोठा. माझ्यासारखा दुसरा नाही. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या, पण खरं ते खरं.

माझा जन्म न्यूयॉर्कचा. शेंगदाणे भाजणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर चित्रकथा काढणाऱ्यांची खोली होती. तिथे ओळीने टेबलं मांडलेली असत. कॅप्टन मेबल नावाची बाई छोटी बोट घेऊन वादळात शिरते आणि बुडणाऱ्यांना वाचवते, अशी आमची कथा. त्या कथेचं मी सतरावं पान.

पेन्सिलीचं काम मो झेलनिककडे होतं. माणसं काढावीत तर मोनेच. पण पाणी काढायचा त्याला भारी कंटाळा. माझ्यावर त्याने बोट काढली, मेबल काढली, दोरीला लोंबकळणारे तीन खलाशी काढले आणि बाकी जागा कोरी सोडून कडेला खरडलं, 'इथे समुद्र. डोलोरेस, तू बघ.'

डोलोरेस किन्योनेस म्हणजे शेजारच्या टेबलावरची मुलगी. मोच्या पेन्सिलीवर शाई चढवायचं काम तिचं. सान हुआनहून आईबरोबर ती जहाजाने आली होती आणि सगळी वाट कठड्याला धरून ओकत आली होती. समुद्राशी तिचं जुनं भांडण होतं म्हणा ना. ती ब्रश बुडवून बसली की तासन्‌तास वर बघत नसे. दोन दिवस ती माझ्यावर लाटा काढत होती.

"झाला का गं समुद्र?" मोने विचारलं.

"तू काढला असतास तर केव्हाच झाला असता."

"मी लिहिलाय की कडेला."

"मग तेवढंच छापा. पोरं वाचतील, 'इथे समुद्र', आणि भिजतील."

सगळी खोली हसली, मोसुद्धा हसला. अंक छापून आला तेव्हा पहिल्या पानावर नाव एकट्या मोचं होतं. डोलोरेसचं कुठेच नव्हतं. तेव्हाची रीतच तशी होती असं सगळे म्हणतात. मला ही रीत तेव्हाही आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही.

छपाई झाली आणि आमची किंमत संपली. पानं कंपनीची, त्यामुळे काढणाऱ्यांना परत मिळत नसत. आम्हांला सुतळीने बांधून गोदामात टाकलं. एका हिवाळ्यात तिथला नळ फुटला. राखणदाराने पाणी टिपायला हाताशी होतं ते घेतलं, आणि हाताशी आम्ही होतो. पान नऊपासून पान सोळापर्यंतची माझी भावंडं त्याने जमिनीवर अंथरली. आमच्या कथेतली वादळं खोटी होती, पण माझी भावंडं गेली ती खऱ्या पाण्यात. माझा नंबर यायच्या आत नळ दुरुस्त झाला, म्हणून मी आज बोलतोय.

पुढे गोदाम रिकामं करणाऱ्याने आम्हां उरलेल्यांना मिळेल त्या भावाला विकून टाकलं. या हातातून त्या हातात फिरत मी शेवटी क्लीव्हलँडला पोचलो, औषधांचे दुकानदार रुडी ह्रुस्का यांच्याकडे. माणूस सज्जन. लहानपणी त्यांनी कॅप्टन मेबल वाचलेली. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि आनंदाच्या भरात त्यांनी मला चौकटीत घालून खिडकीसमोर टांगलं. झालं. ऊन खाऊन मी पिवळा पडलो. डिंक वाळला आणि मेबलच्या तोंडाशी चिकटवलेला शब्दांचा फुगा गळून चौकटीच्या तळाशी पडला. कितीतरी वर्षं ती बाई वादळात तोंड उघडून मुकीच उभी होती. ह्रुस्काबाईंनी एकदा फडकं मारताना ते पाहिलं, तेव्हा नवऱ्याला चांगलं सुनावलं. त्यानंतर फुगा परत चिकटला आणि मी मोठ्या काळ्या पिशवीत, आडवा, जपून राहू लागलो.

दरवर्षी शिकागोत आमच्या पानांचा बाजार भरतो. हॉटेलचं मोठं दालन, ओळीने टेबलं, टेबलांवर अशाच काळ्या पिशव्या. पान बघायचं, दुसऱ्याला दाखवायचं, घासाघीस करायची, दुपारी उभ्याउभ्या हॉट डॉग खायचा आणि पुन्हा बघायचं. ह्रुस्का मला नेत, पण माझ्यावर चिठ्ठी असे, 'विक्रीसाठी नाही'. विकायचं नाही तर आणायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, लोकांनी हळहळावं म्हणून. त्यातच त्यांचं सुख.

त्यातून ह्रुस्का पडले भिडस्त. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. कुणी फारच गळ घातली की ते म्हणत, "कधी विकलंच ना, तर पहिलं तुम्हालाच विचारीन." त्या बाजारात हे वाक्य सगळेच बोलतात. बोलणाऱ्याला वाटतं, आपण नम्रपणे नकार दिला. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला शब्द मिळाला.

एका वर्षी आमच्या टेबलापाशी एक बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी, दणकट, हातात जुना फाटका अंक. तिने माझ्याकडे पाहिलं, अंकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हे 'डोलोरेस, तू बघ' आहे ना कडेला," ती म्हणाली, "ती माझी आई."

तिचं नाव मिगडालिया. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समध्ये ती शहराची बस चालवते. आईने केलेलं एकही मूळ पान घरात नव्हतं. आईची नजर मंदावत चालली होती आणि ती पुरती जायच्या आत मिगडालियाला एक तरी पान आईच्या मांडीवर ठेवायचं होतं.

ह्रुस्का हरखून गेले. तिला खुर्ची दिली, कॉफी पाजली, दालनभर सांगत सुटले की शाईवालीची मुलगी आली आहे. त्या एका गोष्टीने माझी किंमत वाढली. आणि तिला काय मिळालं? "कधी विकलंच ना, तर पहिलं तुम्हालाच विचारीन."

दुसरी असती तर कपाळाला हात लावून गेली असती. मिगडालिया पुढच्या वर्षी आली. त्याच्या पुढच्याही वर्षी आली. शिकागोपर्यंत ती बसनेच येई आणि आल्या आल्या त्या बसच्या ड्रायव्हरची सालटी काढी. मग माझ्यासमोर उभी राहून विचारी, "काय, विकताय का?" ह्रुस्का चष्मा पुसत म्हणत, "अजून नाही." एवढंच बोलणं. पण मला त्या प्रश्नाचा धीर वाटायला लागला होता. कुणीतरी आपल्याला घरी न्यायचा हट्ट धरलाय, हे ऐकायला कागदालाही बरं वाटतं.

मग ह्रुस्काबाई वारल्या. म्हाताऱ्याने घर विकायला काढलं आणि ॲरिझोनात लेकीकडे जायचं ठरवलं. तिथे दोन खोल्या, माझ्यासारख्यांना जागा नाही. ही बातमी बाजारात वणव्यासारखी पसरली.

त्या वर्षी दालन उघडताच पहिला हजर झाला तो व्हिन्स तारांतो. हा पानांचा दलाल. चकचकीत बूट, गोड जीभ.

"रुडी, शब्द दिला होतास. पहिला मी."

"दिला होता," ह्रुस्का म्हणाले.

तारांतोने मला उचलून उजेडाकडे धरलं. "थोडं साफ करून घेतो. पिवळेपणा काढतो, कडा कापतो, ही पेन्सिलीची खरड पुसतो. नवंकोरं दिसेल बघ."

मित्रांनो, गोदामातल्या पाण्यानेसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. माझ्यावर डोलोरेसचं नाव होतं ते त्या एका खरडीत. ती पुसली की जगात कुठेच राहिलं नसतं.

तेवढ्यात ह्रुस्कांचा फोन वाजला. टोरोंटोच्या एका दंतवैद्याचा. त्यालाही शब्द दिलेला होता. आणि फोन ठेवतात तर समोर मिगडालिया.

"या वर्षी 'अजून नाही' म्हणू नका," ती म्हणाली. "मला कळलंय."

"बाईसाहेब, रांगेत या," तारांतो म्हणाला. "पहिला मी आहे."

"मलाही पहिलंच सांगितलंय."

"आणि टोरोंटोलाही," ह्रुस्का हळूच म्हणाले. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही. "माझंच चुकलं. तिघंही पहिले. आता मी काय करू?"

"लिलाव कर," तारांतो म्हणाला. त्याच्या खिशापुढे मिगडालियाच्या पर्सचं काय चालणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मिगडालियाने खुर्ची ओढली आणि टेबलासमोर ठाण मांडलं.

"मी बस चालवते," ती म्हणाली. "सिग्नल लाल असला की मागचे कितीही ओरडोत, मी गाडी हलवत नाही. इथूनही हलणार नाही. ह्रुस्कासाहेब, आमच्या तिघांत पहिलं कोणी नाहीच. पहिलं विचारायचं तर जिने हे काढलं तिला विचारायला हवं होतं. कंपनीने विचारलं नाही, गोदामवाल्याने विचारलं नाही. तुम्ही इतकी वर्षं तिचं नाव लोकांना वाचून दाखवता, तुम्ही तरी विचारलंत?"

तिने आईला फोन लावला आणि ह्रुस्कांच्या हातात दिला. तारांतो हसला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

पलीकडून खणखणीत आवाज आला. मला तो आवाज लगेच ओळखू आला.

"कोण बोलतंय?"

"मी रुडी ह्रुस्का, बाई. क्लीव्हलँडचा. तुमचं एक पान माझ्याकडे आहे, सतरावं. मला ते आता ठेवता येत नाही. तुम्हाला हवंय का, ते पहिलं विचारतोय."

"फार लवकर विचारलंत," डोलोरेस म्हणाली. "कसं आहे?"

"थोडं पिवळं पडलंय."

"उन्हात टांगलं असेल."

"हो."

"शहाण्या माणसाने टांगू नये. फाटलंय का?"

"नाही, बाई. एक कोपराही दुमडलेला नाही."

"मग तुम्ही अगदीच वाईट नाही. माझ्या मुलीकडे द्या."

ह्रुस्का हसले आणि रडलेही. ज्या भावाने मला घेतलं होतं त्याच भावाने त्यांनी मला मिगडालियाला दिलं, आणि दंतवैद्याला स्वतः फोन करून जन्मात पहिल्यांदा स्पष्ट 'नाही' म्हणाले. तारांतो "वेडा आहेस, रुडी" म्हणत पुढच्या टेबलाकडे गेला.

ब्राँक्समधल्या त्या स्वयंपाकघरात केळीच्या पानात पास्तेलेस उकडत होते. मिगडालिया मला आईच्या मांडीवर ठेवणार, तोच म्हातारी म्हणाली, "हात धुतलेस?"

"मामी, मी आत्ता आलेय." आईला ती मामीच म्हणते, त्यांच्याकडची तशी रीत.

"म्हणूनच विचारते. धू आधी."

डोलोरेसला आता माझ्यातलं काळं-पांढरंसुद्धा नीट वेगळं दिसत नव्हतं. तिने माझ्यावरून बोटं फिरवली. सुकलेली शाई कागदावर किंचित उचललेली असते, ती बोटांना कळते. लाटेमागून लाट ती चाचपत गेली. एका जागी पांढऱ्या रंगाचा खडबडीत ठिपका लागला तेव्हा ती खुदकन हसली.

"इथे मी मोची बोट बुडवली होती," ती म्हणाली. "मग पांढरं लावून वर काढली."

मिगडालियाने पेन आणून आईच्या हातात दिलं. "मामी, सही कर. अंकावर नुसतं मोचं नाव दिलंय."

म्हातारीने पेन बाजूला ठेवलं.

"एवढा समुद्र काढलाय," ती म्हणाली. "आणखी सही कुठे करू?"

मित्रांनो, आता मी तिच्या पलंगाखाली एका सपाट खोक्यात राहतो. रविवारी बाहेर निघतो आणि पुन्हा आत जातो. तुमच्या घरात हाताने केलेलं काही असेल, चित्र असो, गोधडी असो की लाकडी पाट, ते उन्हापाण्यापासून जपा. आणि ते करणारं माणूस हयात असेल तर त्याला आजच विचारा, हे तुम्हाला हवंय का. माझ्या डोलोरेसला विचारायला सगळ्यांनी इतका उशीर केला की मी तिच्या मांडीवर आलो तेव्हा तिला मी दिसत नव्हतो.