दारावरची पट्टी

ग्रिफिथ प्रोथरोने उभ्या आयुष्यात पक्ष बदलला नव्हता. बदलले ते बाकीचे सगळे, आणि भुर्दंड मात्र त्याच्या माथी आला.

ब्रेकर हॉलो हे पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरातलं गाव. खाणी होत्या तेव्हा गाव झाडून डेमोक्रॅट. ग्रिफचे वाडवडील वेल्श, खाणीत मुकादमी करणारे, म्हणून रिपब्लिकन. अख्ख्या गल्लीत एकटेच. मतदानाच्या टेबलावर सगळी माणसं एकाच पक्षाची चालत नाहीत, त्यामुळे बंबखान्याच्या हॉलमध्ये दर निवडणुकीला ग्रिफची खुर्ची ठरलेली. शेजारी स्टेला वाश्को, पक्की डेमोक्रॅट. ती घरून हलुश्की आणायची, लोण्यात परतलेला कोबी आणि नूडल्स, आणि डबा पुढे सरकवत म्हणायची, "खा रे, शत्रुपक्षा." बायको गेल्यापासून ग्रिफला त्या डब्यासारखं आपलं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

मग वारं फिरलं. एकेक घर रिपब्लिकन होत गेलं. ज्यांनी ग्रिफला जन्मभर टोमणे मारले तेच आता त्याला पक्ष शिकवू लागले. मध्येच आवई उठली की न्यू जर्सीहून लोक येताहेत, तिकडचे म्हणजे डेमोक्रॅटच असणार, आता पुन्हा उलटं होणार. लोक आले, रिकामी घरं घेतली, आणि सामान उतरवायच्या आधी रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवून मोकळे झाले. शेवटी स्टेलाही गेली. तिचं म्हणणं सरळ होतं: प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, ज्या पक्षात नाव त्याचीच मतपत्रिका मिळते. सगळी चुरस तिकडे असताना इकडची रिकामी पत्रिका घेऊन काय ओवाळायची आहे का?

यंदाच्या वसंतात जिल्हा कचेरीतून फोन आला. टेबलावर सगळेच रिपब्लिकन झालेत, एक तरी डेमोक्रॅट द्या, नाहीतर केंद्र बंद. गावाने डोंगरापलीकडे जाऊन मत द्यावं. गावात उरलेले डेमोक्रॅट म्हणजे काही म्हातारे, ते टपालाने मत पाठवणारे, आणि त्यांची मतं कचेरीतच मोजली जायची. नवी म्हणाल तर एक इव्होन बातिस्ता, जर्सीहून आलेली डॉमिनिकन बाई, वृद्धाश्रमात परिचारिका. तिला दिवसभराची सुट्टी मिळेना.

"मग तूच हो की," स्टेला म्हणाली.

"मी? आमचा आजा थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे, त्यालाही नाव नोंदवायला लावू. ग्रिफ, कागदावर तर व्हायचंय. तुला ते टेबल सोडवेल का, सांग."

नाही सोडवणार, हे तिला माहीत होतं, म्हणून तर त्याला जास्त संताप आला. त्याची पुतणी ग्वेन यंदा गावच्या पंचमंडळासाठी रिपब्लिकन प्रायमरीत उभी होती. नाव बदललं की तिला मत देता येणार नव्हतं. जिथे सगळे आता त्याच्या बाजूला आले होते, तिथे त्यालाच बाजू सोडायची होती. शिव्या घालत त्याने नाव बदललं आणि स्टेलाला बजावलं, खुर्चीवर बसेन, पण त्यांच्या पत्रिकेला हात लावणार नाही.

मतदानाच्या दिवशी सगळ्यांनी त्याला यथेच्छ पिडलं. ज्याला बघावं तो "काय कॉम्रेड" म्हणून हात मिळवायला येत होता. ग्वेन आली तेव्हा तिने नुसतं बघितलं, ते त्याला सगळ्यात लागलं. दुपारपर्यंत डेमोक्रॅट पत्रिकांच्या गठ्ठ्यातली एकही हलली नव्हती.

चारच्या सुमारास इव्होन आली, कामाच्या कपड्यांतच. ग्रिफने तिला पत्रिका दिली. ती तिथेच उभी राहून वाचू लागली आणि तिचा चेहरा पडला. जिल्ह्याच्या एका जागेसाठी दोनच नावं होती, आणि त्यातलं एक रॉय डान्चाक, तिच्या वृद्धाश्रमाचा मालक.

"काका," तिने हळूच विचारलं, "कुणी कुणाला मत दिलं, हे कळत नाही ना?"

"छे, गुप्त असतं," स्टेलाने सांगून टाकलं.

ग्रिफला मात्र खरं ठाऊक होतं. एकट्याचं मत लपत नाही. मतदान संपलं की मशीनमधून निकालाची पट्टी निघते आणि ती हॉलच्या दारावर डकवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी. पूर्वी एका प्रायमरीत गावातून रिपब्लिकन मत देणारा तो एकटा होता. त्याने बायकोच्या सख्ख्या भावाला सोडून दुसऱ्याला मत दिलं, कारण भाऊ नालायक होता. पट्टीवर एका नावापुढे एक, दुसऱ्यापुढे शून्य. ते दारूच्या गुत्त्यात मोठ्याने वाचून दाखवलं होतं याच रॉय डान्चाकने. मेहुण्याने पुढे कित्येक नाताळ घरात पाऊल टाकलं नाही, आणि बायको स्वयंपाकघरात डोळे पुसत राहिली.

इव्होन आडोशाला गेली, मत देऊन आली, आणि "येते काका" म्हणून कामावर पळाली.

ग्रिफ बसून राहिला. आणखी कुणी डेमोक्रॅट येईल म्हणून त्याने दाराकडे डोळे लावले. आले ते सगळे रिपब्लिकन. एरवी त्याला किती बरं वाटलं असतं. बंद व्हायची वेळ जवळ आली तसा तो पुन्हा पुन्हा हिशेब करू लागला. बाईने मालकाला मत दिलं असेल तर प्रश्नच नाही. दिलं नसेल, तर उद्या सकाळी रॉय पट्टी वाचणार, आणि ती त्याच्याच हाताखाली. मध्ये घालायला एकच मत शिल्लक होतं, त्याचं स्वतःचं, आणि ते रॉयच्या नावावरच पडायला हवं होतं.

"स्टेला," तो म्हणाला, "दे ती पत्रिका."

"काय झालं रे? हात लावणार नव्हतास ना?"

"दे म्हटलं ना."

आडोशाला त्याने रॉय डान्चाकच्या नावापुढचा गोल काळा केला. इतका दाबून, की पेनाने कागद फाटतो की काय असं झालं. आयुष्यात कुठलं काम इतक्या तिटकाऱ्याने केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

पट्टी निघाली. डान्चाक एक, समोरचा एक. ग्वेन मात्र पडली, फरक थोडाच होता. ग्रिफने पट्टी दारावर डकवली आणि घरी जाऊन न जेवता झोपला.

सकाळी खुर्च्या आवरायला तो हॉलवर आला तर रॉय दारात उभा. उमेदवारी जिंकल्याच्या खुशीत होता.

"एक मत मला आणि एक विरोधात," रॉय म्हणाला. "माझ्या आश्रमातल्या बाईने मला दिलं. तू नाही दिलंस ना, ग्रिफ? पक्षात येऊनसुद्धा खवटच राहिलास."

"नाही दिलं," ग्रिफ म्हणाला. एवढंच म्हणायला त्याला सगळा राग गिळावा लागला. रॉय हसत गाडीत बसून गेला.

दुपारी इव्होन तिथून जाताना थांबली आणि तिने पट्टी वाचली. मग तिने आत डोकावून पाहिलं, आणि तिची नजर काही चांगली नव्हती.

"काका, तुम्ही त्या माणसाला मत दिलंत?"

"दिलं."

ती वळली, आणि पायरीवरच थांबली. पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"आज सकाळी साहेबांनी माझे आभार मानले," ती सावकाश म्हणाली. "सगळ्यांसमोर. मला कळेचना, कशाबद्दल."

ग्रिफने घडीची खुर्ची आपटून मिटली.

"काका, तुमच्या पुतणीचं काय झालं?"

"पडली."

ती आत आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडून खुर्च्या मिटायला लागली.