भवानीचं गिऱ्हाईक

“मामा, जरा थांबता का? मावशी येऊ द्या की.”

धोंडप्पानं हे इतक्या मायेनं म्हटलं, की आपला अपमान झालाय हे त्रिंबकला आधी कळलंच नाही. त्याच्या एका हातात लिंबू होतं आणि दुसऱ्या हातात दहाची नोट. नोट पुढं केलेली होती. ती तशीच पुढं राहिली.

“कोन मावशी?”

“सांगोल्याकडच्या. अंबुबाई. लेकाकडं राहायला आल्यात. लई चांगला हात हाय, मामा. परवा तुमाला यायला उशीर झाला तवा त्यांची भवानी झाली आन् दुपारी एक लग्नवाला येऊन सगळे टमाटे घेऊन गेला. सडायला आले हुते ते बी!”

“आन् माझा हात?”

धोंडप्पा दुकानदार होता. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही हे त्याच्या रक्तात होतं. “तुमचा बी चांगलाच हाय,” तो म्हणाला. “नंबर दोनला.”

त्रिंबकनं लिंबू टोपलीत परत ठेवलं आणि रिकाम्या हातानं घरी आला.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती रोख असावी लागते, तिच्यात घासाघीस चालत नाही, आणि मुख्य म्हणजे देणाऱ्याचा हात चांगला लागतो. धोंडप्पाच्या दुकानात पुढं भाजी, मागं किराणा आणि त्याच्या मागं घर अशी रचना होती. तुम्ही साखर मागितलीत की स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा आवाज यायचा, “परवाच नेली की! पाहुणे आलते का?” तिला उत्तर दिल्याशिवाय साखर मिळत नसे. अशा दुकानात सोलापुरातली माणसं का जातात, याचं उत्तर अजून कुणी शोधलेलं नाही. पण जातात. त्रिंबक तर रोज जायचा, दुकान उघडायच्या वेळेला, आणि एक लिंबू घ्यायचा. धोंडप्पानं दुकान थाटलं तेव्हापासून भवानी त्याचीच.

आता यातली अडचण अशी, की त्रिंबकचा शुभ-अशुभावर काडीचा विश्वास नव्हता. त्यानं उभी हयात सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे खोलीत काढली होती. माणसाच्या आत हाडं असतात, बाकी काही नसतं, हे त्यानं रोज डोळ्यांनी बघितलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यानं विहारात अंधश्रद्धेवर भाषणही दिलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तो शिट्टी वाजवत भवानी करायला गेला.

त्याचं कारण नोट.

त्रिंबक लहान असताना, तिकडं मैंदर्गीच्या पलीकडच्या खेड्यात, त्याची आई वाण्याच्या पायरीखाली उभी राहायची. मीठ वरून तिच्या पदरात पडायचं. ती नाणं पायरीवर ठेवायची आणि वाणी त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. हे त्रिंबकनं पदर धरून बघितलं होतं. आणि हा धोंडप्पा त्रिंबकच्या हातातून नोट घेऊन आधी उजव्या डोळ्याला लावायचा, मग डाव्या डोळ्याला, मग गल्ल्याला. त्रिंबकच्याच खिशात घामेजलेली नोट! त्रिंबक कौतुकानं बघायचा. लिंबू हे त्या खेळाचं तिकीट होतं. दहा रुपयांत एवढा मोठा खेळ दुसरीकडं कुठं नव्हता.

“लिंबू कुटं हाय?” मीनाबाईनं विचारलं.

“न्हाय आनलं.”

“मग गेलाव कशाला?”

“माघारी यायला.”

मीनाबाईनं हळूहळू सगळं काढून घेतलं. नवऱ्याकडून गोष्ट काढून घेणं तिला भुईमुगाच्या शेंगा सोलण्यासारखं होतं, वेळ लागायचा पण हात थांबत नसे. ऐकून झाल्यावर ती पदरात तोंड घालून हसली.

“विहारात तुमीच म्हनला न्हवं, चांगला हात-वाईट हात असलं काय नसतंय?”

“नसतंयच.”

“मग झालं की!”

“झालं कसं? जे नव्हतं ते माझं हुतं. आता ते तिचं झालंय.”

मीनाबाईनं चहाचं आधण ठेवलं. तिनं चहात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी त्रिंबक लवकर गेला. बंद शटरसमोर पायरीवर एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर, गुडघ्याशी काठी. अंबुबाईच. त्याच्या पुढच्या दिवशी तो आणखी लवकर गेला. ती होतीच. तिची मेंढरं तिकडं दिराकडं राहिली होती, पण झोप अजून मेंढरांच्याच वेळेला मोडत होती. एकदा तर तो इतक्या लवकर पोचला, की धोंडप्पा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला आणि फेसातून म्हणाला, “मामा, मावशी येऊ द्या.” ती मागून आलीच.

त्रिंबकनं मग दुकानच बदललं. विजापूर रस्त्याला एक काचेचं मोठं दुकान झालं होतं. ते दहाला उघडायचं. तो साडेनऊपासून दारात उभा राहिला आणि पहिला आत शिरला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक लिंबू त्यानं काउंटरवर ठेवलं आणि शंभराची नोट दिली.

“भवानी हाय,” तो गल्ल्यावरच्या पोरीला म्हणाला.

“मेंबरशिप आहे का, काका?”

“न्हाय. नोट तेवढी डोळ्याला लावा.”

तिनं लावली. म्हणजे डोळ्यांसमोर उजेडात धरून, खोटी आहे का ते बघितलं. मग ती म्हणाली, “एक रुपया सुट्टा नाहीये. चॉकलेट देऊ का?”

त्रिंबक चॉकलेट घेऊन परत आला. ते मीनाबाईनं खाल्लं.

या दिवसांत अंबुबाईबद्दल त्याला काय काय वाटलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. तिला खोकला आला तर तो मोजायचा. धोंडप्पा तिला कोथिंबीर फुकट घालायचा, तेव्हा जुडीतल्या काड्या त्याला लांबूनही दिसायच्या. एके दिवशी धोंडप्पाच्या बायकोनं तिला आतून चहा आणून दिला. इतक्या वर्षांत त्रिंबकला त्या स्वयंपाकघरातून फक्त प्रश्न आले होते.

मग एक दिवस बातमी आली, की अंबुबाई भाचीच्या लग्नाला गावी गेली.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पानं शटर उचललं, तेव्हा त्रिंबक अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

“बर्री, बर्री मामा!” धोंडप्पा कानडीतून म्हणाला. या, या! खूश झाला की त्याची आईची भाषा वर यायची. त्यानं नोट घेतली. उजव्या डोळ्याला लावली आणि गल्ल्यात टाकली.

डावा डोळा राहिला. घाईत असेल, असं त्रिंबकनं ठरवलं.

पण आता धंदा व्हायला हवा होता. टमाटे संपवणारा लग्नवाला रोज येत नसतो, हे त्रिंबकला कळत होतं. त्यानं आधी स्वतः वांगी नेली. मग मीनाबाईला दोन वेगळ्या साड्यांत दोन वेळा पाठवलं. तरीही दुपारपर्यंत दोडक्याचा ढीग हलेना. तेव्हा त्रिंबक गल्लीच्या तोंडाशी पारावर जाऊन बसला आणि तिथल्या म्हाताऱ्यांना म्हणाला, “दोडका खात जावा. गुडघ्यात वंगन ऱ्हातंय.”

“व्हय?” शिवशरण गुरुजी म्हणाले. “कुनी सांगितलं?”

“सांगायचं काय? एक्स-रेत दिसायचं की. दोडका खाणाऱ्याचा गुडघा येगळाच.”

ज्यानं गल्लीतल्या निम्म्या लोकांची हाडं बघितली होती त्याच्या शब्दाला वजन होतं. तासाभरात दोडका संपला. दोडका मिळाला नाही म्हणून माणसांनी पडवळ नेलं, त्याच जातीचं असेल म्हणून. पडवळ संपल्यावर भोपळा गेला. भांडणं झाली. एका बाईनं धोंडप्पाच्या स्वयंपाकघरात विळीसमोर पडलेला दोडका बघितला आणि तोही नेला. दिवेलागणीला दुकानात आल्याचा एक तुकडा आणि तराजू एवढंच उरलं. धोंडप्पाच्या घरी त्या दिवशी पिठलं झालं.

त्रिंबक हातपाय धुऊन दुकानात गेला. त्यानं आपला उजवा हात काउंटरवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

“काय धोंडप्पा, कसा गेला दिवस?”

“इचारू नका, मामा! असा धंदा बापजन्मात बघितला न्हाय. काय हात म्हनावा, काय हात!”

“असतंय एकेकाचं,” त्रिंबक विनयानं म्हणाला.

“असली म्हातारी बघितली न्हाय!”

“कोन म्हातारी?”

“मावशी की! काल जाताना नोट देऊन गेली. म्हनली, उद्या मी न्हाय, आतलं दार उघडलं की ही पयली गल्ल्यात टाक. टाकली. आन् मगच शटर उचललं, तर म्होरं तुमी.” धोंडप्पानं जरा आवाज खाली आणला. “तुमचं मन कशाला मोडायचं म्हनून लावली मी तुमची बी. एका डोळ्याला.”

त्रिंबकनं काउंटरवरचा हात उचलून खिशात घातला. घरी पुढचे चार दिवस दोन्ही वेळेला वांगी होती.

अंबुबाई परत आली त्या पहाटे तो भांडायचं ठरवूनच गेला. ती पायरीवर बसली होती. तो दुसऱ्या टोकाला बसला. मधे एक कुत्रं झोपलं होतं.

“मावशी,” तो म्हणाला, “भाजी काय पळून जातीया का? एवढ्या पहाटे कशाला येता?”

“मग कवा येऊ?”

“दहाला या की. माणसं येत्यात तवा.”

ती हसली. तिचे पुढचे दात नव्हते. “दहाला आले तर नोट डोळ्याला लावंल का त्यो?”

त्रिंबक दचकला. ही गोष्ट फक्त आपल्यालाच दिसते अशी त्याची समजूत होती.

“मालक गेलं तवा मी पंचविशीत हुते,” अंबुबाई म्हणाली. ती कुत्र्याकडं बघून बोलत होती. “तवापासनं सकाळच्या पारी कुनाला तोंड दावायची चोरी. दीर कामाला निघाला की मी मेंढरांत जाऊन बसायची. त्यो लांब गेला की भाईर. वाटंत कुनाच्या म्होरं आले तर मानूस चप्पल काढून घरात जायाचा, पानी प्यायचा आन् मग निघायचा. आता लग्नाला गेल्ते न्हवं? हळदीच्या टायमाला घरची मानसं म्हनली, आत्ती, तुमी आत बसा. भाचीला मीच अंगाखांद्यावर वाढवली. बसले आत.”

“धोंडप्पाला ठावं हाय का हे?”

“माजं कपाळ दिसत न्हाय व्हय त्याला? दिसतंय. तरी लावतोय डोळ्याला. येडं हाय बिचारं.”

त्रिंबकला फार राग आला होता. एखाद्याचा मत्सर करायचा तर तो माणूस निदान जरा सुखी असावा लागतो. म्हातारीनं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

“आन् तुमी?” तिनं विचारलं. “तुमी कशाला येता एवढ्या पहाटे?”

सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पायरी, मीठ, पाणी. पण मग ती उद्यापासून दहाला येईल, आणि आपल्याला भवानी दान म्हणून मिळेल, हेही त्याला दिसलं.

“लिंबू न्यायला,” तो म्हणाला.

“रोज?”

“पित्त हाय.”

“लिंबानं पित्त वाढतंय की, भाऊ!”

“म्हनून तर रोज लागतंय.”

शटर वर गेलं. अंबुबाईची नोट दोन्ही डोळ्यांना लागली. त्रिंबक दुसरा. त्यानं लिंबू घेतलं, आणि धोंडप्पाकडं न बघता नोट फळीवर ठेवून निघून आला.

थंडी पडली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी पायरीवर फक्त कुत्रं होतं. त्रिंबक उभा राहिला. धोंडप्पानं शटर उचललं, फळ्या मांडल्या, मेथीवर पाणी मारलं. गल्लीकडं एकदा बघितलं.

“मावशीचं आज काय खरं न्हाय, मामा. काल अंग तापलं हुतं. आना तुमची.” त्यानं ओंजळ पुढं केली. “आना की. खरी भवानी. आज दोन्ही डोळ्याला.”

त्रिंबकची नोट खिशातून निम्मी बाहेर आली होती. समोर धोंडप्पाचे डोळे होते. कुणी आडवं नव्हतं.

“थांब जरा,” तो म्हणाला. “येईल ती.”

“आन् न्हाई आली तर?”

“मग बघू.”

मोटारसायकलवरून एक तरुण आला. चालू गाडीवरूनच ओरडला, “पावशेर पोहे द्या हो, लवकर!”

त्रिंबकनं फळीसमोर हात आडवा धरला. “भवानी व्हायचीय.”

“मग माझी घ्या की!”

“तुजी चालत न्हाय.”

“का ओ? मी काय पाप केलंय?”

“नंबर तिसरा हाय तुजा. गाडी बंद कर, पेट्रोल जळतंय.”

शिवशरण गुरुजी आले, दुधाची पिशवी घेऊन एक बाई आली, शाळेचा डबा करायचा म्हणून धावत दुसरी आली. आतून आवाज आला, “एवढी गर्दी कशाची? पाहुणे आलते का सगळ्यांकडं?” धोंडप्पा ओंजळ तशीच धरून उभा होता. त्या सगळ्यांच्या आणि भाजीच्या मधे त्रिंबकचा हात होता.

मग गल्लीच्या टोकाला ती दिसली. घोंगडी पांघरलेली, एक हात भिंतीला. दोन घरं झाली की थांबत होती. अर्ध्या वाटेवर कुणाचीतरी शेळी खांबाला बांधलेली होती. अंबुबाई तिच्यापाशी वाकली, तिची मान खाजवली आणि तिच्याशी काहीतरी बोलायला लागली. शेळीही ऐकत होती.

मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दाबला. अंबुबाईनं मान वर केली नाही. तिला काही घाई नव्हती, हे बघून त्रिंबकच्या पोटात पुन्हा एकदा चांगलंच जळलं.

हात भरून आला होता. त्यानं दुसरा हात त्याच्या कोपराखाली टेकू म्हणून लावला आणि तसाच उभा राहिला.