पुढची तारीख

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, एके काळी साऱ्या जगाचं भवितव्य माझ्या हाती होतं. आमच्या खटकचिंचोळी गावात वीज असेल तेव्हाच, पण होतं.

गुलबर्ग्याहून व्यंकट सरांनी मला जीपमधून मांडीवर बसवून आणलं. त्यांच्या संगणकाच्या वर्गात मला हळदकुंकू लागलं. चपला काढल्याशिवाय कुणी जवळ येत नसे. ते सुखाचे दिवस होते.

मग १९९९चा डिसेंबर आला. सरांनी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं : नव्या साली संगणकांची तारीख चुकेल, दोन हजारला ते एकोणीसशे समजतील, अण्वस्त्रं आपोआप सुटतील, अणुभट्ट्या बिघडतील, अशी जगाला धास्ती आहे.

ते ऐकून दारातल्या अनसाबाई मटकन खाली बसल्या. त्यांचा रविकुमार दूरच्या एका अणुभट्टीत फिटर होता, नुकताच कायम झालेला.

"सर, त्याला तार करा. नोकरी सोडून ये म्हणावं."

शेजारी हावगेप्पा होते. त्यांचा बांधाचा दावा भालकीच्या कोर्टात तरुणपणापासून चालू होता. ते म्हणाले, "बोलवाच अक्का. तारीख चुकली की वॉरंट निघतंय."

अनसाबाईंनी डोळे पुसले. "मग पुढची तारीख मागून घ्या की!"

"अक्का, ही तारीख तसली न्हाई," सर म्हणाले.

"कामून न्हाई? हावगेप्पाअण्णाला दर खेपेला देतेत. ह्या डब्ब्यानंच काय घोडं मारलंय?"

"देतेत, व्हय," हावगेप्पा अभिमानानं म्हणाले.

सर माझ्यासमोर बसले. त्यांनी माझं साल मागे नेऊन १९७१ केलं, म्हणजे नव्या साली १९७२ लागेल. त्या सालचे वार २०००शी जुळतात म्हणे. अनसाबाईंचा जीव भांड्यात पडला. तार राहिली. नारळ माझ्याच डोक्यावर फोडायचा त्यांचा आग्रह होता, सरांनी पायरी दाखवली.

पुढं बरीच वर्षं मी माझ्या जन्माआधीच्या काळात काम केलं. वर्गातल्या श्रीदेवीला तर स्वतःच्या जन्माआधी संगणक शिकल्याचं प्रमाणपत्र मिळालं. कुणी हरकत घेतली नाही.

आता मी कोपऱ्यात असतो. अंगावर अनसाबाईंनी शिवलेली खोळ आहे. मजेत आहे. मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. त्यांनी काय काय टाळलंय, तुम्हाला ठाऊक नसतं.

एक जानेवारीला दुपारी रविकुमारचा फोन आला होता. त्याची भट्टी दिवाळीपासून दुरुस्तीसाठी बंद होती.